परीक्षा अर्जाच्या आधी

प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपत आले आहेत. दहावी-बारावीला लेखनिक, वाढीव वेळ, गणकयंत्र किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित अशा सवलती घेतलेली मुलेमुली येत्या काही दिवसांत आपल्या वर्गात बसतील. बहुतेक महाविद्यालयांना त्यांची पहिली खबर लागते ती परीक्षेचा अर्ज भरताना. परीक्षा विभागाच्या खिडकीत प्रमाणपत्राची झेरॉक्स सरकवली जाते, लिपिक ती अर्जाला टाचतो आणि लेखनिकाची धावपळ सुरू होते. तोवर सत्र संपत आलेले असते, अंतर्गत चाचण्या होऊन गेलेल्या असतात आणि काही मुलांनी वर्गाकडे पाठ फिरवलेली असते.

शाळेत हा व्याप दुसरे कोणीतरी सांभाळत असते. मंडळाकडे प्रस्ताव शाळा पाठवते, रुग्णालयाच्या खेपा आई घालते, वर्गशिक्षिकेला मुलाचे सगळे ठाऊक असते. महाविद्यालयात आल्यावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून सांगावे अशी अपेक्षा असते, पण कुणाला सांगायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शाळेत बसलेला शिक्का इथे तरी नको, म्हणून काही जण मुद्दाम गप्प राहतात. त्यांचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. विचारायला आपण जायला हवे, आणि तेही पहिल्याच आठवड्यात.

कायद्याबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण कार्यालयात त्यांची नेहमी गल्लत होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या, त्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. पण शिकताना आणि परीक्षा देताना लागणाऱ्या वाजवी सोयींना हा उंबरठा नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच बजावले. चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारणे न्यायालयाला मान्य झाले नाही. तरीही ‘टक्के कमी आहेत’ एवढ्या कारणावर मुलांना खिडकीवरून परत पाठवले जाते. प्राचार्यांनी हा निकाल आपल्या लिपिकांना समजावून सांगावा.

अध्ययन अक्षमता असलेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांची फेरतपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ठरवली. अठरावे वर्ष म्हणजे नेमके एफवाय. जुना कागद चालत नाही आणि नव्यासाठी तपासणीची तारीख मिळता मिळत नाही, अशा कात्रीत मूल सापडते. आमचे मत स्पष्ट आहे. विद्यापीठाच्या परीक्षेचे नियम विद्यापीठ पाहील, पण वर्गातल्या आणि अंतर्गत चाचणीतल्या सोयी आपल्या हातात आहेत. त्या जुन्या प्रमाणपत्रावर द्याव्यात.

अंतर्गत चाचणीकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सोमवारी जाहीर करून गुरुवारी चाचणी घेतली, तर तीन दिवसांत लेखनिक कुठून मिळणार? तासाला वीस मिनिटे वाढीव वेळ, हे प्रमाण आपल्याला पाठ आहे. पण तासाची घंटा होते, पुढचा वर्ग दाराशी उभा राहतो आणि उत्तरपत्रिका काढून घेतली जाते. वेगळी खोली आधीच राखून ठेवली की हा प्रश्न उरत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थिनीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल, तर टाइमटेबल कमिटीने तो तळमजल्यावर आणावा. याला एक रुपयाही लागत नाही.

आता नोट्सकडे वळू, कारण मराठीतून शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी कोंडी तिथे होते. हे विद्यार्थी संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतात आणि तो युनिकोडमधला मराठी मजकूर वाचून दाखवतो. पण आपल्यापैकी अनेकांच्या नोट्स अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. कानावर पडतात तुटक इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस. ‘संतकाव्यातील भक्तिभाव’ हे शीर्षकसुद्धा त्यांना कळत नाही. हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, तर तेवढेही ऐकू येत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. एका विषयाच्या नोट्स बदलून तपासायला फार तर एखादी दुपार जाते, आणि त्या पुढच्या प्रत्येक तुकडीला उपयोगी पडतात. पुस्तक स्कॅन करून द्यायला काही प्राध्यापक कचरतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायदा दिव्यांग वाचकांसाठी अशा सुलभ प्रती करू देतो. मुंबईत सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाचे केंद्र 2003 पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काम करत आहे, आणि सुगम्य पुस्तकालय हा ऑनलाइन संग्रहही आहे. आपल्या ग्रंथपालांनी तिथे काय मिळते ते पाहून ठेवावे.

काही दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे विद्यार्थी वर्गात असतात. 2016 च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत या आजाराचा समावेश आहे. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे किंवा अति श्रम यांनी वेदनेचा झटका येतो आणि मूल आठवडाभर गैरहजर राहते. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या यादीत त्याचे नाव लाल शाईत येते, चुकलेल्या चाचणीचा शून्य कायम राहतो. तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, हजेरीत सूट आणि फेरचाचणी एवढे आपण सहज करू शकतो.

या सगळ्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात एक प्राध्यापक नेमावा आणि त्याचे नाव व फोन प्रवेशाच्या सूचनेतच छापावा. वर्ग सुरू होण्याआधी त्याने विद्यार्थ्याशी एकट्याने बोलावे. भर वर्गात ‘दिव्यांग कोण आहे, हात वर करा’ असे कोणी विचारू नये आणि नावांची यादी स्टाफच्या ग्रुपवर टाकू नये. बोलण्यातून एक पानी टिपण तयार होईल. विद्यार्थ्याच्या संमतीने ते फक्त त्याला शिकवणाऱ्यांकडे जावे. त्यात रोगाचे नाव लागत नाही, कामापुरते लिहिले की पुरे: पहिल्या बाकावर बसेल, बोलताना शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करू नये, तो ओठ वाचतो, चाचणीची सूचना आठवडाभर आधी, नोट्स युनिकोडमध्ये. सत्रारंभाच्या स्टाफ मीटिंगला हे टिपण तयार असावे.