दुर्गमतेचे दोन भाव

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की वर्तमानपत्रांतील जाहिरातींना निळा रंग चढतो. पांढऱ्या वाळूवर दोन रिकाम्या आरामखुर्च्या, मागे माड आणि समुद्रात खांब रोवून उभारलेली लाकडी खोली. चित्रात सहसा माणूस नसतो. असलाच तर पाठमोरा असतो. मालदीवचे असे चार-पाच दिवस आता मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या गप्पांतही येऊ लागले आहेत. कुणाचा मुलगा लग्नानंतर तिकडे जातो, कुणी निवृत्तीच्या रकमेतून पत्नीला घेऊन जातो. जावे की! आयुष्यभर लोकलच्या दांडीला लोंबकळलेल्या माणसाला चार दिवस कुणी हातात गारेगार शहाळे आणून दिले, तर त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र या सुखात आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, एवढे एकदा तपासून पाहावे.

मऊ गादी, गरम पाणी, पंचवीस पदार्थांची न्याहारी हे सारे मुंबईच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात मिळते. समुद्र तर दादरलाही आहे. बेटावर जास्तीचे मिळते ते एकच : तिथे दुसरे कुणी नसते. विमानाने उतरायचे, मग बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने पुढे जायचे आणि जितके दूर जावे तितका खोलीचा दर वाढत जायचा. म्हणजे विकला जाणारा माल गादी किंवा समुद्र नाही. विकली जाते ती दुर्गमता.

हाच माल आता मुंबईपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतही विक्रीला आला आहे. यात नवल वाटण्याचे कारण नाही. सुमारे दीड हजार फूट उंचीवरच्या जव्हारला लोक पूर्वीपासून ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत आले. २०१४ साली जिल्हा विभागला गेल्यावर ते पालघरचे झाले. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. झाडीत उभा असलेला जयविलास राजवाडा, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जिथे थांबले असे सांगतात तो शिरपामाळ, हनुमान पॉइंटवरून दिसणारी खोल दरी, पावसाळ्यात गर्जना करीत कोसळणारा दाभोसा. हे पाहायला कुणीही यावे. पण अलीकडच्या जाहिरातींची भाषा निराळी आहे. ‘अस्पर्शित निसर्ग’, ‘जगापासून दूर’, ‘आदिवासी जीवनाचा अनुभव’, ‘प्रत्येक बंगल्याला स्वतंत्र जलतरण तलाव’. बेटाच्या जाहिरातीतला समुद्र काढून तिथे डोंगर घातला आहे, एवढाच फरक.

आता हाच शब्द सरकारी कागदावर कसा येतो ते पाहा. तिथे ‘दुर्गम’ आणि ‘अतिदुर्गम’ हे गावांचे प्रकार आहेत आणि त्या शिक्क्याचा अर्थ तिथल्या माणसाला नीट ठाऊक आहे. डॉक्टर टिकत नाही, शिक्षकाला बदली हवी असते आणि पावसाळ्यात ओढा चढला की पाड्याचे खरोखरीच बेट होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभरावर बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या गावांची नावे प्रथम कळली. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले ते त्यानंतर. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर ऑगस्ट २०२२ समोर उभा राहतो. देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत होता, त्याच दिवसांत मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मरकटवाडीत एका गरोदर बाईने अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांना घरीच जन्म दिला. दोन्ही बाळे गेली. बाईला रक्तस्राव होत होता. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता, म्हणून माणसांनी डोली केली आणि सुमारे तीन किलोमीटर निसरडी वाट तुडवून तिला मुख्य रस्त्यापर्यंत आणले.

बेटावरच्या महागड्या मुक्कामात पाहुण्याला पायी चालावे लागू नये म्हणून दाराशी विजेवरची गाडी येते. त्यानेही दुर्गमतेचीच किंमत मोजलेली असते, आणि मरकटवाडीच्या त्या आईनेही तिचीच किंमत मोजली. एकाने हौसेने, दुसरीने नाइलाजाने.

मी बँकेत अधिकारी होतो तेव्हा तारण जमिनींच्या मूल्यांकनाचे अहवाल टेबलावरून नेहमी जात. त्यांत डांबरी रस्त्यापासूनचे अंतर पाहिले जाई. अंतर वाढले की भाव उतरे. चार किलोमीटर आतल्या वरकस जमिनीवर कर्ज द्यायला कुणी धजत नसे. शेतकरी नागली आणि वरई पिकवतो, परतफेड कशातून करणार? आज त्याच जमिनीवरून दरी दिसते म्हणून शहरातला माणूस तिच्यापुढे गाडी उभी करून फोटो काढतो आणि भाव विचारतो. जे अंतर आदिवासी शेतकऱ्याच्या हातात असताना खोट धरले जाते, तेच दुसऱ्याच्या हातात गेल्यावर नफा होते. जमीन तीच, अंतरही तेच. बदलतो फक्त धनी.

हा धनी कसा बदलतो आणि स्थानिक माणूस कसा बाजूला पडतो, याचा धडा मालदीवच्या इतिहासात आहे. तिथले पहिले पर्यटक निवास १९७२ साली सुरू झाले. पुढे ‘एक बेट, एक हॉटेल’ हे सूत्र ठरले. वस्तीची बेटे निराळी, पाहुण्यांची निराळी. बेटावरच्या मशिदीजवळ राहणारा कोळी आणि मद्याचा पेला हाती घेऊन सूर्यास्त पाहणारा पाहुणा यांची गाठच पडू नये, अशी ती व्यवस्था होती. त्यातून देशाला परकीय चलन भरपूर मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु वस्तीच्या बेटांवरील सामान्य कुटुंबांना स्वतःची अतिथिगृहे काढायला सरकारने मोकळीक दिली ती २००९च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ चार दशकांनंतर. तोवर त्यांच्या वाट्याला आली ती मुख्यतः नोकरी.

डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी माले येथील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि लाखाहून अधिक माणसांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. पाहुण्यांच्या बेटांवर पाणी गोडे करण्याची आपापली यंत्रे होती, त्यामुळे तिथले तलाव निळेच राहिले.

माले शहरावर ती वेळ एकदा आली. मोखाड्यात ती दर उन्हाळ्यात येते. इथे पाऊस कमी पडतो असे मुळीच नाही; वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो धावत सुटतो आणि जिथे अडतो तिथे मालकी दुसऱ्याची असते. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा. मोखाड्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा हे १०२ मीटर उंचीचे धरण २०१४ पासून मुंबईला दररोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्यासाठी उभे आहे. मुंबईतल्या लक्षावधी घरांत सकाळी चहाचे आधण ठेवले जाते ते या खोऱ्यातल्या पाण्यावर. आणि याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर विहिरीत पाणी ओततो तेव्हा काठावर हंड्यांची रेटारेटी होते.

या तालुक्यात ‘प्रत्येक बंगल्याला स्वतंत्र जलतरण तलाव’ या वाक्याचा हिशेब मांडून पाहू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडा कमी खोल असा साधा तलाव धरला, तरी साठ हजार लिटर पाणी लागते. टंचाईच्या काळात खेड्यात टँकरने पाणी देताना माणशी रोज २० लिटर हे माप धरतात. म्हणजे एका कुटुंबाच्या दोन दिवसांच्या डुंबण्यासाठी भरलेले पाणी हे तीन हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. तलाव रोज रिकामा करीत नाहीत, पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे मान्य. पण मे महिन्याच्या उन्हात ते आटतेही, आणि नव्याने भरायचे पाणी त्याच जमिनीच्या पोटातून उपसावे लागते. ज्या कूपनलिकेतून ते येते, तिच्या खालच्या अंगाला पाड्याची विहीर असेल तर पुढे काय होते, हे सांगायला भूजलतज्ज्ञ लागत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे रोजगार. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भाताची कापणी उरकली की या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुलांची शाळा सुटते, घरात म्हातारी माणसे उरतात. त्यांना गावातच काम मिळणार असेल तर ते हवेच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या कामाचा. आजोबांच्या जमिनीवर नातवाने पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या आणि संध्याकाळी त्यांच्या करमणुकीसाठी तारपा वाजवायचा, एवढाच विकास असेल, तर तो वीटभट्टीपेक्षा बरा असला तरी पुरेसा नाही. जव्हार-मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीवाचून बिगरआदिवासीला घेता येत नाही आणि १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. २०२५ साली अशा जमिनी खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देता याव्यात, हा विचार महसूलमंत्र्यांनी जाहीरपणे मांडला आणि त्यावर वाद झाला. भाडे मिळेल, हे ठीक. पण तीस वर्षांच्या कराराच्या एका टोकाला वकील बसलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला अंगठा असतो, तेव्हा करार कुणाच्या बाजूने लिहिला जातो, हे बँकेची पायरी चढलेल्या कुणालाही माहीत आहे.

दुसरा मार्ग नाही असे नाही. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत काजव्यांच्या दिवसांत पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच चुलीवरचे जेवतात. घरोघरी पाळी लावून काम वाटले जाते. जव्हारजवळच्या वाळवंड्यातही असा प्रयोग झाला. याच वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचा संगीत नाटक अकादमीने सन्मान केला. तारपा ऐकायचा तर त्या माणसाचा पाहुणा होऊन ऐकावा. जेवणाच्या टेबलाशेजारी उभे करून ऐकण्याचे ते वाद्य नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देवादिकांची सोंगे रात्रभर नाचतात. ती नाचतात गावासाठी, देवीसाठी. आपण गेलो तर कडेला बसून पाहावे, एवढीच आपली जागा. असे मुक्काम स्वस्त असावेत असाही आग्रह नको. चांगले जेवण, स्वच्छ न्हाणीघर आणि शांत रात्र यांचा चांगला भाव घरमालकिणीने जरूर घ्यावा. चैनीचा मोबदला शहरातल्या मालकालाच मिळाला पाहिजे, असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

तेव्हा या सुट्टीत जव्हारला जाण्याचा बेत असेल तर जरूर जा. मोगऱ्याचा हंगाम असेल, तर दादरच्या फुलबाजारात पोहोचणारी फुले कुणाच्या शेतात उमलतात तेही पाहा. फक्त खोली ठरवताना न्याहारीत काय काय आहे हे विचारतो, तसे आणखी तीन प्रश्न विचारावेत. जमीन कुणाच्या नावावर आहे? तलावाचे पाणी कुठून येते? आणि शेजारच्या पाड्यावर रात्री कुणी आजारी पडले, तर गाडी तिथपर्यंत पोहोचते का? उत्तर देणारा पहिल्यांदा गोंधळेल. पण दहा पाहुण्यांनी हेच विचारले, तर अकराव्याच्या आधी त्याला उत्तर शोधून ठेवावे लागेल. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला बाजारात जेवढी किंमत असते, तेवढी अर्जाला कचेरीत नसते.

सरकारकडे मागायचे ते याहून साधे आहे. डोंगरातल्या बंगल्यापर्यंत जो डांबरी रस्ता जाईल, तो त्याआधी पाड्यापर्यंत गेलेला असावा. ज्या तालुक्यातून पाणी मुंबईला येते, तिथल्या बाईच्या दारात ते मे महिन्यातही यावे. एवढे झाले की दुर्गमता आपण खुशाल चढ्या भावाने विकत घ्यावी, कारण तेव्हा ती विकणारी माणसे तिथेच राहणारी असतील आणि विकायची की नाही हेही त्यांनीच ठरवलेले असेल.