देवाच्या दारी अनवाणी पाऊल

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वात पंढरीच्या वाटेवरील पावलांना आपण वंदन करतो. परंतु ज्यांचे पाऊलच हिरावले गेले, त्यांचे काय? पाश्चात्त्य धाटणीच्या कृत्रिम पायाला बूट हवाच असे. तो लावून ना मांडी घालता येई, ना उकिडवे बसता येई, ना अनवाणी देवळात जाता येई. ही उणीव जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ओळखली. १९६८ च्या सुमारास त्यांनी रबर व लाकूड वापरून घडविलेला ‘जयपूर फूट’ चिखलातही चालतो आणि पाटावरही बसू देतो. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

साधन हे वापरणाऱ्याच्या जीवनरीतीतूनच घडले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे. म्हणून एकादशीच्या उपवासाला दानाची जोड देणाऱ्या कुटुंबांनी यंदा एखाद्या गरजूच्या कुबडीचा वा चाकांच्या खुर्चीचा भार उचलावा. मात्र आधी त्याचे घर, वाट आणि काम जाणून घ्यावे. न विचारता दिलेली वस्तू बहुधा माळ्यावर पडते. विचारपूर्वक केलेली सेवा पांडुरंगाच्या चरणी निश्चित रुजू होईल.