पण त्यात पुढे काय?

गेल्या रविवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावसबहीण भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय. श्रीखंड वाढता वाढता कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकलाच, "अगं, पण त्यात पुढे काय?"

मला हे कधीच कुणी विचारलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय ते सगळ्यांना पाठ असतं. ऑनसाइट, फ्लॅट, ईएमआय!

नंतर तिला हॉस्टेलवर सोडताना मीही विचारलंच, "तू का गेलीस गं यात?"

"शाळेत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्हाला खोडदला नेलं होतं. जीएमआरटी बघायला. तिथल्या एका दादाला मी काहीतरी विचारलं. तो म्हणाला, 'हे अजून कुणालाच माहीत नाही.' मोठ्या माणसाच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं रे!"

मीही लहानपणी तिथे गेलोय. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना बघितल्यात. पण मला आठवते ती फक्त नारायणगावची मिसळ. असो.

माझ्या कामात उत्तर कुणाला तरी माहीत असतंच, शोधलं की सापडतं. तिच्या कामात तसं नसतं, आणि नेमकी हीच गोष्ट तिला तिकडे ओढते. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचे पुरावे जाहीर झाले, त्यात जीएमआरटीचाही वाटा होता. २५ पल्सार, २५ वर्षांची निरीक्षणं! आंबा लावायचा आजोबांनी आणि खायचा नातवंडांनी, त्यातलाच प्रकार.

पण "तिला आवड आहे ना" म्हणून आपण मोकळे होतो, ते मला खटकतं. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. बहिणीला ती मागच्या वर्षी चार महिने मिळालीच नाही. मेसचे पैसे मावशीने भरले. माझा पगार चार दिवस लांबला असता तर मी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. आवडीने पोट भरत नाही हे खरंच, पण म्हणून आवड असलेल्यालाच ताटकळत ठेवायचं, हे कुठलं गणित?

कुतूहलापोटी मुलं विज्ञानात येतात. ती टिकतात की नाही, हे मात्र वेळेवर येणाऱ्या पैशावर ठरतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या संशोधकाला "पुढे काय" विचारू नका. "सध्या काय शोधतेयस?" असं विचारा. आणि हळूच, "फेलोशिप आली का गं?"