तीन दिवसांचे बेट
न्यू जर्सीतल्या लेकाकडे आलेले आईवडील आणि सोमवारला जोडून आलेली सुट्टी! अशा वेळी कॅरिबियनमधले पोर्तो रिको सोयीचे पडते. बेट अमेरिकेच्याच अखत्यारीत, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांना वेगळा लागत नाही. न्यूयॉर्कहून विमान चारेक तासांत सॅन हुआनला पोहोचते. मात्र सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी टाळलेलीच बरी. जून ते नोव्हेंबर तिथला चक्रीवादळांचा मोसम. २०१७ च्या सप्टेंबरात ‘मारिया’ वादळाने कित्येक घरांतली वीज महिनोन्‌महिने घालवली होती. त्यापेक्षा फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्‌स डे उत्तम. एक दिवस १५३९ मध्ये बांधायला घेतलेल्या एल मोरो किल्ल्यासाठी, एक एल युंकेच्या जंगलासाठी, उरलेला समुद्रासाठी. परतताना सासूबाईंनी हौसेने घेतलेले मातीसकट रोप मात्र सामानात नको. विमानतळावर तपासणीत ते काढून घेतात.