वैरागचा रोगी कोणाच्या दारी?

सोलापूर जिल्ह्यातील वैराग हे काही आडरानातले खेडे नव्हे. बार्शी तालुक्यातील ती जुनी बाजारपेठ आहे. भोवतालच्या खेड्यांतील धान्य तेथे येते आणि दुखणाईतही तेथेच येतात. मात्र दुखणे ताप-खोकल्याच्या पलीकडचे निघाले, की वैरागकरांस दोनच वाटा उरतात. एक आमच्या सोलापूरची, जेथे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे सरकारचे मोठे रुग्णालय आहे; दुसरी बार्शीची, जेथे नाव आहे ते विश्वस्त संस्थांनी उभारलेल्या रुग्णालयांचे. बार्शी जवळ पडते. त्यामुळे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत खासगी रुग्णालयांचे स्थान कोणते, हा प्रश्न वैरागच्या माणसाला परिसंवादातला वाटत नाही. वावर गहाण टाकायचे की नाही, इतका तो त्याच्या घरातला असतो.

या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात. सरकारला दवाखाने चालविता येत नाहीत, तेव्हा ते खासगी हाती सोपवावेत, असे एक पक्ष म्हणतो. खासगी म्हटले की लूट, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांस बार्शीचा इतिहास ठाऊक नसावा, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सरकारचे नाही. ते एका सेवाभावी संस्थेचे आहे. १९८७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यक्रमाखाली तेथे एक काम सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत कर्करोगाची नोंद ठेवावयाची. ग्रामीण भागासाठी देशात झालेली ही पहिलीच नोंदणी. शहरांत असे काम सोपे असते. रुग्णालयांच्या वह्या चाळल्या की आकडे हाती येतात. खेड्यांत चाळावयास वहीच नव्हती, कारण रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले आणि लक्षणे संशयास्पद वाटली त्यांस तपासणीसाठी घेऊन आले. ही माणसे गेली होती रोगी मोजावयास. परंतु त्यांच्या येण्याजाण्याने गावे जागी झाली आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे याच रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह, शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या; साधारण तेवढ्याच मोठ्या पण चाचणी न झालेल्या गटात ६४. या दुसऱ्या गटास तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे कठोर टीका झाली, आणि ती गैरवाजवी होती असे आम्ही म्हणणार नाही. एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळले, ते आपल्या शेजारच्या शेतकरी बायांकडून. त्याचे चीज काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, या रोगाची तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया शंभरांत दोनही भरल्या नाहीत.

खासगी संस्थेने आपले सर्वोत्तम काम केले ते केव्हा? गावे ठरवून दिलेली होती, काम नेमके होते आणि हिशेब चव्हाट्यावर मांडावयाचा होता, तेव्हा. परंतु तेच काम दरवर्षी, प्रत्येक वस्तीवर करणे तिच्या आवाक्यातले नव्हे. तेथे उपकेंद्रातील परिचारिका लागते, आशा कार्यकर्ती लागते. म्हणजे सरकारच लागते.

आणि सरकार विकत काय घेत आहे? २ जुलै २०१२ रोजी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ च्या निर्णयाने तिचे छत्र राज्यातील सर्व कुटुंबांवर, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, धरण्यात आले. या योजनेने पुष्कळांची वावरे वाचविली हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण तिचा पैसा सुटतो तो रोगी रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी. रोग आधी हुडकून काढणाऱ्या रुग्णालयास ती काय देते? जे मागितले जाते तेच खासगी रुग्णालय पुरविते. त्यात त्याचा अपराध नाही.

जे आधीच देणे आहे त्याच्या वसुलीचे काय? सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली, उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीत द्यावयाच्या आहेत. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळी काढावयाची आहे. तातडीच्या रोग्याकडे अनामत मागण्यास बंदी आहे. वैरागच्या किती घरांस हे ठाऊक आहे? हक्क कागदावर आणि रोगी पायरीवर, अशी ही तऱ्हा आहे. सरकारला हे जमत नाही असेही नाही. मे २०२० मध्ये, साथीच्या धामधुमीत, याच सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर एका अधिसूचनेने बांधून दिले होते.

आमची मागणी मोठी नाही. जिल्ह्यातील प्रत्येक धर्मादाय रुग्णालयास काही गावे नेमून द्यावीत आणि रोग हुडकण्याचे मोल शस्त्रक्रियेइतक्याच तत्परतेने चुकवावे. उपकेंद्रांतील रिकाम्या जागा आधी भराव्यात. त्या रिकाम्या ठेवून बार्शीकडे बोट दाखविणे शोभत नाही. आणि बार्शीत व सोलापुरात निर्धनांसाठीच्या किती खाटा आज मोकळ्या आहेत, तो आकडा वैरागच्या सरकारी दवाखान्यातील फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिला जावा. त्यासाठी नवा कायदा नको, समिती नको. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर येत्या सोमवारपासून हे होऊ शकते.