चाळीसगावी राहून धुळ्याचे काम

मुंबईहून भुसावळकडे जाताना चाळीसगावास उतरून ज्याने धुळ्याची गाडी धरली आहे, त्यास हे ठाऊक असते की ती शाखा धुळ्यास जाऊन संपते आणि आलेल्या वाटेनेच पुन्हा चाळीसगाव गाठावे लागते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून, पतसंस्थांतून आणि कारखान्यांतून सर्व्हर सांभाळणारे आमचे वाचक ज्या शेल स्क्रिप्ट लिहितात, त्यांतही असे शाखेचे प्रवास पदोपदी असतात: मुख्य कामाच्या ओघात एखाद्या डिरेक्टरीत शिरावयाचे, तेथील काम उरकावयाचे आणि मूळ मुक्कामी परतावयाचे. या प्रवासासाठी लिहिली जाणारी ‘सीडी’ ही दोन अक्षरी आज्ञा इतकी परिचित आहे की तिची तामिली झाली किंवा नाही याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आणि आमच्या मते, पाहणाऱ्याविना रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमधील अनर्थाचे मूळ बहुधा या न केलेल्या चौकशीतच असते.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही लिहिलेली स्क्रिप्ट क्रॉनच्या हुकमाने रात्री दोन वाजता चाले. ती प्रथम पावत्यांच्या डिरेक्टरीत जाऊन तेथील सर्व फायलींची टार गठडी बांधी, ती बाहेरच्या डिस्कवर ठेवी, मग त्या डिस्कवरील जुन्या गठड्यांच्या डिरेक्टरीत जाई आणि सात दिवसांपूर्वीचे जे काही असेल ते काढून टाकी. एका रात्री डिस्कची केबल सैल झाली. दुसरी ‘सीडी’ फसली, अशी डिरेक्टरी नाही असा संदेश लॉगमध्ये उमटला, आणि शेल, त्याच्या स्वभावाप्रमाणे, न थांबता पुढच्या ओळीकडे वळला. स्क्रिप्ट अजून पावत्यांच्याच डिरेक्टरीत उभी होती. तेव्हा सात दिवसांपूर्वीची प्रत्येक पावती तिने इमानाने पुसली. केबल घट्ट केल्यावर आदल्या रात्रीची गठडी हाती लागली आणि एका दिवसाच्या खटपटीने सारे पूर्ववत झाले. परंतु ती गठडी नसती तर काय झाले असते, हा विचार आजही आमची झोप मोडतो. दोष केबलचा नव्हता. पोहोचल्याची खात्री न करता काम सुरू करणारी ती ओळ आम्हीच लिहिली होती.

डिरेक्टरी जागेवर असेलच हे गृहीत धरणे खानदेशात तरी कोणास शोभू नये. १९०६ साली येथील एका जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांस जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. दप्तरे फुटतात, नावे बदलतात. जळगावच्या डिरेक्टरीत जा, काम करा, दोन टिंबांनी एक पायरी वर या, मग धुळ्याच्या डिरेक्टरीत जा, अशा क्रमाने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पहिलेच पाऊल चुकले तर परतीची पायरी मात्र चढली जाते, आणि तेथून पुढचा प्रत्येक मुक्काम एका पायरीने चुकतो.

‘सीडी’चा स्वभाव समजण्यास युनिक्सच्या बालपणातील एक प्रसंग फार उपयोगी आहे. डेनिस रिची यांनी १९७९ साली सिडनीच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात तो नोंदविला आहे. बेल प्रयोगशाळेत प्रत्येक आज्ञेसाठी ‘फोर्क’ने स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करण्याची पद्धत सुरू झाली, आणि डिरेक्टरी बदलणारी आज्ञा एकाएकी निष्फळ ठरू लागली. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा: प्रत्येक प्रक्रियेस स्वतःचा मुक्काम असतो, आज्ञेसाठी जन्मलेली प्रक्रिया नव्या डिरेक्टरीत जाई आणि तेथेच संपे, आणि शेल होता तेथेच राही. कारकून धुळ्यास पोहोचला, धनी चाळीसगावीच. म्हणून ती आज्ञा शेलच्या पोटात घालावी लागली, आणि आजही ती तेथेच आहे.

त्या काळी जी अडचण ठरली, तीच आज आमची सर्वोत्तम तजवीज आहे. गोल कंसात लिहिलेल्या आज्ञा शेल एका उपशेलात चालवितो; त्या कंसात ‘सीडी’ लिहून, तिच्यापुढे ‘&&’ ही जोडखूण देऊन मग काम लिहिले, तर कारकून रुजू झाला तरच काम होते, आणि कंस मिटताच आपण मूळ जागीच असतो; परतीच्या वाटेची चिंता उरत नाही. कंसात नेमलेल्या चलांची मूल्ये मात्र बाहेर येत नाहीत. कामाच्या यशापयशाचा दाखला तेवढा परत येतो, आणि तो तपासलाच पाहिजे. टार, मेक आणि गिट यांस तर कॅपिटल ‘सी’चा पर्याय देऊन डिरेक्टरी परस्पर सांगता येते.

जेथे स्वतः जाणे अपरिहार्य असेल, तेथे ‘सीडी’पुढे दोन उभ्या रेघा आणि ‘एक्झिट’ लिहिण्यात आळस करू नये. डिरेक्टरीचे नाव चलात असेल तर ते अवतरणात घालावे, आणि चल रिकामे नाही हे आधी पाहावे. कारण अवतरणाविना लिहिलेले रिकामे चल ‘सीडी’स निमूटपणे होम डिरेक्टरीत नेते, आणि अवतरणातले रिकामे चल बॅशच्या अनेक आवृत्त्यांत जागचे न हलताच यश कळविते. ‘पुशडी’ आणि ‘पॉपडी’ ही जोडी सी शेलमधून बॅशमध्ये आलेली, टर्मिनलवर बसून काम करताना मोठी सोयीची. परंतु पॉझिक्सच्या प्रमाणात ती नाही, डेबियन-उबुंटूच्या ‘डॅश’ शेलास ती कळत नाही, आणि ‘पुशडी’ फसूनही ‘पॉपडी’ चालली तर ती दुसऱ्याच कोणाची परतीची चिठ्ठी फाडते.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की आपल्या क्रॉनच्या यादीतील प्रत्येक स्क्रिप्ट या आठवड्यात उघडावी, तिच्यातील प्रत्येक ‘सीडी’ शोधावी आणि विचारावे: ही फसली, तर पुढची ओळ कोठे उभी राहून चालेल? उत्तर कागदावर लिहिता येत नसेल तर ती ओळ दुरुस्त झाल्यावाचून त्या रात्री स्क्रिप्ट चालू देऊ नये. आमच्या त्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आज ‘सीडी’ दोनच ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणी कंसात आहे.