देवडीवरची वही

परवा भाच्याकडे भडगावला गेलो होतो. गिरणाकाठचे गाव, खाली दुकान, वर बिऱ्हाड. इंटरनेटची जोडणी दोहोंना मिळून एकच. पाहतो तो भाचा घाबराघुबरा. “मामा, रात्रीतून कोणीतरी आपल्या संगणकाची कडी 400 वेळा वाजवून गेले!”

कोण, केव्हा, कोठल्या पत्त्यावरून आले, काय नाव सांगितले, हे यंत्रच टिपून ठेवते. त्याला ‘लॉग’ म्हणतात; आपण देवडीवरची वही म्हणू. ती वही जशीच्या तशी 200 जाणकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाडायला भाचा निघाला होता.

“अरे, आधी वाचून तर पाहू,” मी म्हटले. वाचली, आणि दोघेही गप्प झालो. चोराची एक ओळ, तर घरच्यांच्या दहा. हिशेबाचा संगणक कोणता, दुकान केव्हा बंद होते, सूनबाईच्या फोनवर मध्यरात्री कोणत्या इस्पितळाचे संकेतस्थळ उघडले, सारे त्यात. एके ठिकाणी तर नावाच्या रकान्यात भाच्याचा परवलीचा शब्द! घाईत रकाना चुकला. यंत्राने तोही इमानाने टिपला.

“मग नावे खोडतो.” तेवढ्याने भागत नाही, बरे का! 2006 साली अमेरिकेत एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी काय काय शोधले, त्याची यादी नावांऐवजी आकडे घालून अभ्यासकांसाठी खुली केली. तरी वार्ताहरांनी त्यातल्या एका आकड्यावरून जॉर्जियातल्या एका बाईंना हुडकून काढले.

मग वही दडवायची? छे! पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 2018 च्या ऑगस्टात 94 कोटी रुपये गेले. अशा चोरीचा माग काढायला नोंदीच लागतात. म्हणून तर 2022 साली ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने कंपन्या व कचेऱ्यांना नोंदी 180 दिवस जपण्याचा आणि असा प्रकार 6 तासांत कळवण्याचा आदेश दिला. तपास करणाऱ्याला मूळ प्रत द्यावी. सल्ला विचारताना मात्र लागतील तेवढ्याच ओळी, घरच्या खुणा पुसून.

भाच्याने आधी परवलीचा शब्द बदलला, मग चारच ओळी पाठवल्या. इतक्यात सूनबाई फराळाचे ताट घेऊन आली. तिने जे सांगितले नव्हते, ते वहीने आम्हा दोघांना सांगून टाकले होते. निदान 200 जणांना सांगायचे राहिले!